५५ आणि २२ : टेमू पुक्कीच्या कारकिर्दीचं गणित

२०१८ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या नॉर्विच सिटी या क्लबने फिनलंडचा एक स्ट्रायकर, म्हणजे गोल करणं हेच मुख्य काम असलेला आघाडीचा खेळाडू, घेतला. वय २८. त्याचा आधीचा करार संपला होता, त्यामुळे त्याच्यासाठी कुणाला एक पौंडही मोजावा लागला नाही. स्पेनमध्ये त्याचा जम बसला नव्हता, जर्मनीत तो बहुतेक वेळ दुसऱ्याच्या सावलीत राहिला होता आणि स्कॉटलंडमधून एका हंगामातच बाहेर पडला होता. कागदावर पाहिलं तर उतरणीला लागलेली कारकीर्द.

पुढच्या मे महिन्यात हाच माणूस चॅम्पियनशिपमध्ये सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. नावाने फसू नका, चॅम्पियनशिप ही इंग्लंडमधली दुसऱ्या स्तरावरची लीग. गोल २९. नॉर्विच पहिला आला, वरच्या म्हणजे प्रीमियर लीगमध्ये गेला आणि लीगचा हंगामातला सर्वोत्तम खेळाडू म्हणूनही त्याचीच निवड झाली. टेमू पुक्की त्याचं नाव.

अठ्ठाविसाव्या वर्षी कुणी नव्याने गोल करायला शिकत नाही. मग बदललं काय? परदेशात खेळणाऱ्या फुटबॉलपटूची कारकीर्द आपण शिडीसारखी समजतो: छोटा क्लब, मग मोठा, मग त्याहून मोठा. पुक्कीची वाट या चित्रात बसतच नाही, आणि म्हणूनच युरोपातल्या फुटबॉलची यंत्रणा समजून घ्यायला मला त्याच्यासारखं उदाहरण दुसरं दिसत नाही. त्याच्या प्रत्येक मुक्कामावर या यंत्रणेचा एक वेगळा भाग उघडा पडतो.

घर सोडावंच का लागतं

पुक्कीचा जन्म २९ मार्च १९९० चा, कोत्काचा. हेल्सिंकीच्या पूर्वेला फिनलंडच्या आखातावर वसलेलं हे बंदराचं गाव. (फिनिश भाषेत ‘पुक्की’ म्हणजे बोकड. तिकडच्या सांताक्लॉजचं नावही ‘योउलुपुक्की’, शब्दशः नाताळचा बोकड. त्यामुळे या आडनावावरून फिनलंडमध्ये किती कोट्या झाल्या असतील याची कल्पना करता येते.)

देशाची लोकसंख्या सुमारे ५५ लाख, आणि तिथला लाडका सांघिक खेळ आइस हॉकी. वर्षातले कित्येक महिने बर्फ असल्याने तिथली सर्वोच्च फुटबॉल लीग, वेइक्काउसलीगा, साधारण एप्रिलमध्ये सुरू होते आणि शरद ऋतूत संपते. स्पेन, जर्मनी, इंग्लंड इथला हंगाम मात्र ऑगस्टमध्ये सुरू होऊन मे महिन्यात संपतो. हा वेळापत्रकातला फरक किरकोळ वाटेल, पण तो लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

लीग छोटी म्हणजे प्रेक्षक कमी, टीव्हीचे पैसे कमी, पगारही कमी. म्हणून तिथल्या चांगल्या खेळाडूला तरुणपणीच बाहेर जावं लागतं. पुक्कीच्या आधीच्या पिढीने हेच केलं. यारी लिट्मानेन १९९२ मध्ये नेदरलँड्समधल्या आयॅक्सकडे गेला आणि १९९५ मध्ये त्या क्लबबरोबर चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकला. सामी ह्युपिया १९९९ मध्ये लिव्हरपूलला गेला, दहा हंगाम बचावाचा खांब बनून राहिला आणि २००५ मध्ये त्यानेही चॅम्पियन्स लीग जिंकली. दोघंही युरोपातल्या सर्वोच्च शिखरावर पोहोचले, पण फिनलंडच्या जर्सीत त्यांना एकही मोठी स्पर्धा खेळायला मिळाली नाही. देश तिथपर्यंत पोहोचतच नव्हता.

लिट्मानेन आणि पुक्की यांच्या काळात एक मोठा कायदेशीर फरक पडला होता. लिट्मानेन बाहेर गेला तेव्हा युरोपीय स्पर्धांमध्ये क्लबला मोजकेच परदेशी खेळाडू उतरवता येत. बाहेरचा माणूस घ्यायचा म्हणजे त्या मोजक्या जागांपैकी एक खर्च करायची. १ जानेवारी १९९५ ला फिनलंड युरोपीय संघात सामील झाला. त्याच वर्षी १५ डिसेंबरला युरोपीय न्यायालयाने जाँ-मार्क बोस्मान या बेल्जियन फुटबॉलपटूच्या खटल्यात निकाल दिला. निकालाचे दोन भाग होते. करार संपल्यावर खेळाडू युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशातल्या क्लबकडे मोकळा जाऊ शकतो, जुन्या क्लबला पैसे मागता येत नाहीत. आणि युरोपीय संघातल्या क्लबला संघातल्याच दुसऱ्या देशाच्या नागरिकाला ‘परदेशी’ म्हणून मोजता येणार नाही.

हा बोस्मान फार मोठा खेळाडू नव्हता. लिएजच्या क्लबमधला त्याचा करार संपला होता, त्याला फ्रान्समधल्या डंकर्कला जायचं होतं आणि पैशांवरून त्याला अडवून ठेवलं होतं. त्याच्या चिकाटीने साऱ्या युरोपातल्या फुटबॉलचा बाजार बदलला. नॉर्विचला पुक्की फुकट मिळाला तो याच निकालामुळे.

मोठं नाव, रिकामे पाय

पुक्की सोळाव्या वर्षी गावच्या केटीपी संघाकडून वरिष्ठ लीगमध्ये उतरला. २००८ मध्ये, अठराव्या वर्षी, स्पेनच्या सेव्हियाने त्याला उचललं. त्यावेळी सेव्हियाच्या आक्रमणात ब्राझीलचा लुईस फाबियानो आणि मालीचा फ्रेडरिक कानूटे होते. कोत्काहून आलेल्या पोराने यांच्यातून जागा कशी काढायची? तो राखीव संघात खेळला, आणि मुख्य संघाकडून लीगमधला एकच सामना त्याच्या वाट्याला आला.

मोठे क्लब अशी कितीतरी तरुण मुलं घेतात. क्लबच्या दृष्टीने ती थोड्या पैशांत केलेली पेरणी असते, दहांतलं एक रोप उगवलं तरी खर्च निघतो. पण त्या मुलाच्या हातात एकच कारकीर्द असते. अठरा ते वीस ही वर्षं स्ट्रायकरने दर आठवड्याला खऱ्या सामन्यात घालवायची असतात. सरावात कितीही गोल केले तरी ऐंशीव्या मिनिटाला थकलेल्या पायांनी निर्णय कसा घ्यायचा, हे सामन्यातच कळतं.

२०१० मध्ये पुक्की फिनलंडला परतला, हेल्सिंकीच्या एचजेके या क्लबकडे. वीस वर्षांचा होता. परत येणं म्हणजे हरणं असं आपल्याला वाटतं. त्याच्या बाबतीत पुढचं दार तिथूनच उघडलं.

१८ ऑगस्ट २०११. युरोपा लीगच्या (चॅम्पियन्स लीगच्या खालोखालची स्पर्धा) पात्रता फेरीत जर्मनीचा शाल्के हेल्सिंकीत आला होता. मगाशी सांगितलेला वेळापत्रकातला फरक इथे कामाला आला. फिनिश संघ एप्रिलपासून खेळत होता, अंगात पूर्ण लय होती. जर्मन संघाचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. एचजेके २-० ने जिंकला आणि दोन्ही गोल पुक्कीचे. आठवड्याने जर्मनीत शाल्केने ६-१ अशी परतफेड केली, पण तोवर त्यांनी बघायचं ते बघून घेतलं होतं. खेळाडूंची खरेदी-विक्री वर्षातून दोनच ठरावीक मुदतींत करता येते आणि उन्हाळ्यातली मुदत ऑगस्टच्या अखेरीस संपते. ३१ ऑगस्टला पुक्की शाल्केचा झाला.

छोट्या लीगच्या गणितातली ही बाजू क्वचितच बोलली जाते. जर्मनीसाठी ऑगस्टअखेर म्हणजे हंगामाची सुरुवात, पण हेल्सिंकीसाठी तो हंगामाचा ऐन मध्य. क्लब जेतेपदाच्या शर्यतीत असतो आणि त्याचा सर्वोत्तम खेळाडू निघून जातो. खेळाडूच्या शरीरालाही किंमत मोजावी लागते. एप्रिलपासून तो खेळतोच आहे आणि आता विश्रांती न घेता पुढच्या मे महिन्यापर्यंत खेळायचं.

आणि शाल्केमध्ये त्याच्यापुढे कोण होतं? स्पेनचा महान राऊल आणि नेदरलँड्सचा क्लास-यान हुंटेलार. त्या २०११-१२ च्या हंगामात हुंटेलारने बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च लीगमध्ये, २९ गोल केले आणि तो लीगमध्ये पहिला आला. पुक्की चांगला होता की वाईट, हा प्रश्नच तिथे गैरलागू ठरतो. देशात सर्वाधिक गोल करणारा माणूस ज्या जागेवर खेळतो, त्याच जागेसाठी तो रांगेत उभा होता.

२०१३ मध्ये स्कॉटलंडचा सेल्टिक. तिथे तर आणखी अवघड झालं. यावर माझं मत सांगतो. सेल्टिक स्कॉटलंडमध्ये इतका बलाढ्य आहे की समोरचे बहुतेक संघ स्वतःच्या गोलसमोर दाटीवाटीने उभे राहून बचाव करतात. पुक्कीचं सगळं कसब मोकळ्या जागेत धावण्याचं, आणि तिथे मोकळी जागाच नव्हती. लीगचं जेतेपद मिळालं, पण दुसरा हंगाम सुरू होता होता त्याला डेन्मार्कच्या ब्रॉन्डबीकडे लोनवर पाठवण्यात आलं. लोन म्हणजे उसना खेळाडू: करार मूळ क्लबशीच राहतो, खेळतो तो दुसरीकडे.

एक पायरी खाली

ब्रॉन्डबी हा कोपनहेगनच्या उपनगरातला क्लब. सेव्हिया, शाल्के, सेल्टिक यांच्या तुलनेत नाव छोटं. पण फिनिश खेळाडूंना ही वाट ओळखीची आहे. गोलरक्षक लुकास ह्राडेत्स्कीही आधी डेन्मार्कच्या एस्बिएर्ग आणि मग याच ब्रॉन्डबीत घडला, तिथून जर्मनीला गेला आणि २०२३-२४ मध्ये एकही सामना न गमावता बुंडेसलीगा जिंकणाऱ्या लेव्हरकुसेनचा कर्णधार झाला. २०१४-१५ च्या हंगामात पुक्की आणि तो एकाच ड्रेसिंग रूममध्ये होते. घरच्या लीगपेक्षा वरची, पण चूक करायला थोडी सवड देणारी अशी ही मधली पायरी. पुक्कीने ती ओलांडून थेट वर उडी मारली होती. आता तो तिच्यावर परत आला.

२०१५ मध्ये ब्रॉन्डबीने त्याला कायमचं घेतलं. पुढच्या वर्षी जर्मन प्रशिक्षक अलेक्झांडर झोर्निगर आला. त्याचा संघ समोरच्याकडून चेंडू लवकर हिसकावून झटपट पुढे जायचा. अशा खेळात बचावपटूंच्या मागे जागा मोकळी पडते. २०१६-१७ मध्ये पुक्कीने लीगमध्ये २० गोल केले. २०१८ मध्ये ब्रॉन्डबीने डॅनिश कप जिंकला आणि त्याच उन्हाळ्यात पुक्कीचा करार संपला.

आता पैशांचं बोलू. खेळाडू करार चालू असताना परदेशी क्लबला विकला गेला, तर फिफाच्या नियमानुसार त्या रकमेतला ५ टक्क्यांपर्यंतचा हिस्सा त्याला लहानाचं मोठं करणाऱ्या क्लबांना वाटला जातो. बाराव्या ते पंधराव्या वर्षासाठी दर वर्षाला पाव टक्का, सोळाव्या ते तेविसाव्यासाठी दर वर्षाला अर्धा टक्का. समजा एका क्लबने मुलाला बारा ते सतरा या वयात सांभाळलं. पहिल्या चार वर्षांचा एक टक्का, पुढच्या दोन वर्षांचा आणखी एक. खेळाडू १० लाख युरोला विकला गेला, तर त्या क्लबला २० हजार युरो मिळतात. छोट्या गावातल्या क्लबसाठी ही रक्कम लहान नाही. त्यातून एखादा प्रशिक्षक वर्षभर टिकतो किंवा हिवाळ्यात मुलांच्या सरावासाठी बंदिस्त मैदान भाड्याने घेता येतं.

पण हा हिस्सा विक्रीच्या रकमेतला. रक्कम शून्य असेल तर हिस्साही शून्य. नॉर्विचने पुक्कीला करार संपल्यावर घेतलं, त्यामुळे ब्रॉन्डबीला काही मिळालं नाही आणि या व्यवहारातून कोत्कालाही काही गेलं नाही. बोस्मान निकालाने खेळाडूला मोकळं केलं ते योग्यच झालं, मी त्या बाजूचा आहे. पण घडवणाऱ्याच्या वाट्याला त्या मोकळेपणातून काय येतं, हा प्रश्न छोट्या देशांपुढे तेव्हापासून आहे.

पुक्की इंग्लंडला गेला तेव्हा ब्रिटन अजून युरोपीय संघात होतं, त्यामुळे तिथे काम करण्याच्या परवान्याचा प्रश्न आला नाही. २०२१ पासून तिथे गुणपद्धत आली आहे. राष्ट्रीय संघाकडून किती सामने, कोणत्या दर्जाच्या लीगमधून येतो, क्लबकडून किती मिनिटं खेळला, असे गुण मोजून परवाना मिळतो. आज २८ वर्षांचा कुणी पुक्की डेन्मार्कमधून निघाला, तर आधी कुणाला तरी हा हिशेब मांडत बसावं लागेल.

मागे धावणं म्हणजे काय

नॉर्विचकडे तेव्हा पैसा नव्हता. त्याच उन्हाळ्यात त्यांनी आपला मिडफिल्डर (मधल्या फळीतला खेळाडू) जेम्स मॅडिसन लेस्टरला विकला होता. मॅनेजर होता जर्मन डॅनियल फार्का. त्याला चेंडू जमिनीवर ठेवून, छोटे पास देत खेळणारा संघ उभा करायचा होता, आणि त्यासाठी स्वस्तात किंवा फुकट मिळतील अशी माणसं तो शोधत होता.

पुक्की फार उंच नाही. हेडरने गोल करणारा, बचावपटूला धक्के देत चेंडू अडवून ठेवणारा असा तो स्ट्रायकर नाही. त्याचं काम चेंडू नसताना चालतं. तो बचावपटूच्या खांद्यामागे, त्याच्या नजरेच्या टोकाला उभा राहतो. बचावपटूला चेंडूही बघायचा असतो आणि पुक्कीही, दोन्ही एकदम दिसत नाहीत. तो मान वळवतो त्या क्षणी पुक्की निघतो.

इथे ऑफसाइडचा नियम आडवा येतो. पास सुटण्याच्या क्षणी तुम्ही चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही (बहुधा गोलरक्षकाआधीचा शेवटचा बचावपटू) पुढे असाल, तर तो गोल धरला जात नाही. खो-खो खेळलेल्याला हे समजायला सोपं आहे. खो मिळण्याआधी उठलात तर फाउल, आणि मिळाल्यावर क्षणभर उशीर केलात तर पळणारा निसटला. फरक इतकाच, की इथे खो देणारा तीस मीटर लांब असतो आणि तो कधी देणार हे त्याच्या पायाकडे, खांद्याकडे बघून ओळखावं लागतं. म्हणून पुक्की सरळ न धावता आधी रेषेला समांतर, कमानीसारखा धावतो आणि पास सुटताच आत वळतो.

याचा अर्थ असा, की त्याच्या खेळाचा अर्धा भाग दुसऱ्याच्या पायात असतो. धाव कितीही अचूक असू दे, पास देणाऱ्याला ती दिसली नाही तर प्रेक्षकाला काहीच घडलेलं दिसत नाही. नॉर्विचमध्ये ती बघणारा माणूस होता: अर्जेंटिनाचा एमिलियानो बुएन्दिया, तोही त्याच उन्हाळ्यात आलेला. अरुंद फटीतून चेंडू सरकवण्यात वाकबगार. बाजूने वर येणारे फुलबॅक (कडेचे बचावपटू), मधले तरुण मिडफिल्डर, सगळे आधी पुढे बघणारे. स्पेन, जर्मनी, स्कॉटलंड इथे जे जुळलं नाही ते इथे जुळलं. पुक्की तोच होता.

९ ऑगस्ट २०१९ ला तो प्रीमियर लीगमध्ये उतरला, लिव्हरपूलच्या मैदानावर. नॉर्विच ४-१ ने हरला, तो एक गोल पुक्कीचा. आठवड्याने न्यूकॅसलविरुद्ध हॅट्ट्रिक. ऑगस्टचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. १४ सप्टेंबरला गतविजेत्या मँचेस्टर सिटीला नॉर्विचने ३-२ ने हरवलं, त्यातही त्याचा गोल होता. आणि मग हळूहळू झरा आटला. हंगामाच्या शेवटी नॉर्विच २१ गुणांसह तळाला होता, पुक्कीचे गोल ११.

तिथून पुढचं तर एखाद्या प्रयोगासारखं घडलं. २०२०-२१ मध्ये पुन्हा दुसरा स्तर, पुन्हा जेतेपद, पुक्कीचे २६ गोल. २०२१-२२ मध्ये पुन्हा प्रीमियर लीग, पुन्हा शेवटचा क्रमांक, आणि पुन्हा बरोबर ११ गोल.

दुसऱ्या स्तरावरच्या दोन हंगामांत २९ आणि २६ मिळून ५५. पहिल्या स्तरावरच्या दोन हंगामांत ११ आणि ११ मिळून २२. लोक इथे थांबतात आणि म्हणतात, पुक्की वरच्या स्तराला पुरा पडला नाही. दुसऱ्या स्तरावर ४६ सामने असतात आणि वर ३८, ही बाब आपण जमेला धरली तरी तफावत मोठीच राहते.

पण आता संघाचे गोल शेजारी मांडून बघा. दुसऱ्या स्तरावरच्या त्या दोन हंगामांत नॉर्विचने ९३ आणि ७५, एकूण १६८ गोल केले. त्यातले ५५ पुक्कीचे, म्हणजे तीनांतला एक. प्रीमियर लीगच्या दोन हंगामांत संघाने केले २६ आणि २३, एकूण ४९. त्यातले २२ पुक्कीचे. जवळजवळ निम्मे!

म्हणजे वर गेल्यावर संघाच्या गोलांमधला त्याचा वाटा वाढला. आटलं ते त्याच्यापर्यंत येणारं पाणी. २०२१ मध्ये वर जाता जाताच बुएन्दिया ॲस्टन व्हिलाला विकला गेला आणि नोव्हेंबरमध्ये फार्कालाही काढण्यात आलं. वरच्या स्तरावर बचावपटू जास्त चपळ असतात, पास देणाऱ्याला विचार करायला वेळ मिळत नाही आणि दहा धावांपैकी एखादीच सार्थकी लागते. त्या एका संधीवर गोल करण्याचं ओझं स्ट्रायकरच्या डोक्यावर येतं. स्ट्रायकरचे गोल हा पूर्ण संघाचा आकडा असतो आणि आपण तो एका माणसाच्या नावावर लिहितो. मला पुक्कीच्या ५५ गोलांइतकेच ते २२ मोलाचे वाटतात. खरं सांगायचं तर थोडे जास्तच.

२०२३ मध्ये त्याने नॉर्विच सोडलं तेव्हा क्लबसाठी त्याचे ८८ गोल झाले होते. फुकट आलेल्या माणसाचे.

घुबडांचा संघ

फिनलंडच्या राष्ट्रीय संघाला ‘हुउहकायात’ म्हणतात, म्हणजे मोठी शिंगळी घुबडं. जून २००७ मध्ये हेल्सिंकीच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये बेल्जियमविरुद्ध सामना चालू असताना असंच एक घुबड मैदानावर उतरलं, गोलपोस्टवर जाऊन बसलं, खेळ थांबला आणि प्रेक्षक ‘हुउहकाया’ असं ओरडू लागले. फिनलंड तो सामना २-० ने जिंकला. नाव तेव्हापासून चिकटलं.

युरो २०२० (युरोपातल्या देशांची स्पर्धा, कोविडमुळे ती २०२१ मध्ये झाली) च्या पात्रता गटात इटली, ग्रीस, बोस्निया, आर्मेनिया आणि लिख्टेनश्टाइन होते. प्रशिक्षक होते मार्कू कानेर्वा, पूर्वी शाळेत शिक्षक असलेले. दहा सामन्यांत फिनलंडने १६ गोल केले आणि त्यातले १० पुक्कीचे. १५ नोव्हेंबर २०१९ ला हेल्सिंकीत लिख्टेनश्टाइनला ३-० ने हरवून (पुक्कीचे दोन) फिनलंडचा पुरुष संघ पहिल्यांदा मोठ्या स्पर्धेत पोहोचला. शिट्टी वाजताच लोक मैदानावर धावले. लिट्मानेन आणि ह्युपिया यांना जे साधलं नव्हतं ते दुसऱ्या स्तरावरून वर आलेल्या, तीन मोठ्या क्लबांत न जमलेल्या माणसाच्या गोलांनी झालं. ऑक्टोबर २०२१ मध्ये कझाकस्तानविरुद्ध दोन गोल करून त्याने लिट्मानेनचा ३२ आंतरराष्ट्रीय गोलांचा विक्रमही मागे टाकला.

त्या युरोतला फिनलंडचा पहिला सामना १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये, डेन्मार्कविरुद्ध झाला. डेन्मार्कचा ख्रिस्तियान एरिकसन मैदानावर कोसळला, त्याचं हृदय थांबलं होतं. उपचार चालू असताना फिनलंडचे समर्थक ‘ख्रिस्तियान’ आणि डेन्मार्कचे ‘एरिकसन’ असा आळीपाळीने घोष करत राहिले. तो वाचला. उशिरा पुन्हा सुरू झालेला सामना योएल पोह्यान्पालोच्या गोलवर फिनलंडने १-० ने जिंकला आणि ह्राडेत्स्कीने पेनल्टी अडवली.

त्या सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरलेला मिडफिल्डर योनी काउको काही महिन्यांतच भारतात आला, एटीके मोहन बागानकडे. क्लब कोलकात्याचा, पण कोविडमुळे २०२१-२२ चा संपूर्ण इंडियन सुपर लीग हंगाम गोव्यात, मडगावचं फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान इथेच झाला. युरो खेळलेल्या फिनिश खेळाडूचा भारतातला पहिला हंगाम असा गोव्यात गेला आणि तोही रिकाम्या स्टँडसमोर. गोव्यासारख्या फुटबॉलवेड्या भूमीत त्याला बघायला लोक येऊ शकले नाहीत याची मला अजून चुटपुट लागते. पुढे त्याच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली, त्यातून सावरून तो २०२४ मध्ये त्याच क्लबकडून पुन्हा उतरला आणि त्या वर्षीची आयएसएल शील्ड (लीगच्या गुणतक्त्यात पहिल्या आलेल्या संघाला मिळते ती) जिंकणाऱ्या संघात होता. निर्णायक सामना मुंबई सिटीविरुद्ध झाला, कोलकात्यात, २-१ असा.

परतीची गाडी

नॉर्विचनंतर पुक्की अमेरिकेत मिनेसोटा युनायटेडकडे गेला, पुन्हा करार संपवून, मोकळा. अमेरिकन लीगमध्ये प्रत्येक क्लबच्या एकूण पगारावर मर्यादा असते, पण तीन खेळाडूंना त्या मर्यादेबाहेरचा पगार देता येतो. पुक्की अशा तिघांमधला एक होता. त्याचा फिनिश सहकारी रॉबिन लोड तिथे आधीपासून खेळत होता, आणि नव्या देशात आपली भाषा बोलणारं कुणी असणं ही तेहतीस वर्षांच्या माणसासाठीही लहान गोष्ट नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये एलए गॅलक्सीविरुद्ध त्याने एका सामन्यात चार गोल केले.

मार्च २०२५ मध्ये, पस्तिसावा वाढदिवस तोंडावर आलेला असताना, तो एचजेकेकडे परतला. अमेरिकेची लीगही फिनलंडसारखीच वसंतात सुरू होऊन शरदात संपते, त्यामुळे या वेळी वेळापत्रक आडवं आलं नाही. एचजेकेचं घरचं मैदान हेल्सिंकीच्या त्योलो भागात आहे. लिख्टेनश्टाइनविरुद्धचा तो सामना याच मैदानावर झाला होता. आणि २०२५ च्या हंगामात वेइक्काउसलीगाच्या बारा संघांमध्ये कोत्काचा केटीपीही होता.